रॉबिन हूड्स बे : पाच दिवस करायचं काय?

प्रश्न : लेक लीड्सला नोकरीला आहे. ऑगस्टमध्ये आम्ही तिच्याकडे जातोय. तिनं हौसेनं यॉर्कशरच्या किनाऱ्यावर रॉबिन हूड्स बे नावाच्या खेड्यात पाच रात्रींसाठी घर घेतलंय. फोटो पाहिले तर एक उतरती गल्ली, लाल कौलं आणि खाली समुद्र, एवढंच. हे म्हणतात, ‘समुद्रच बघायचा तर दिवेआगर काय वाईट होतं?’ बरोबर सासूबाई (वय ७९, दोन्ही गुडघे दुखरे) आणि दहा वर्षांचा नातू. पाच दिवस तिथं करायचं काय? की मधले दोन दिवस यॉर्क आणि लेक डिस्ट्रिक्ट उरकून घ्यावं?
*एक वाचक, डोंबिवली*

उत्तर : तुमच्या यजमानांचा प्रश्न अगदी रास्त आहे. मी हर्णैची. लग्नानंतर लीड्सला गेले आणि पहिल्याच उन्हाळ्यात शेजारणीच्या आग्रहावरून या ‘बे’ला पोचले. (तिथले लोक पूर्ण नाव घेत नाहीत, नुसतं ‘बे’ म्हणतात. रॉबिन हूडचा आणि या गावाचा संबंध असल्याचा काही पुरावाही नाही.) पाणी करडं, वारा बोचरा, ऑगस्टात अंगात स्वेटर. मनात म्हटलं, हा कसला समुद्र! मग दोन तासांनी ओहोटी लागली आणि माझं तोंड बंद झालं.

आपल्याकडे ओहोटीला वाळू उघडी पडते. इथं समुद्राचा तळच उघडा पडतो. कांदा आडवा चिरला की जशा एकात एक गोल कडा दिसतात, तशा खडकाच्या लांबच लांब वाकड्या पट्ट्या पाण्याबाहेर येतात आणि त्यांच्यामध्ये खाचा, डबकी, शेवाळ. फार पूर्वी इथला खडक घुमटासारखा वर उचलला गेला आणि मग समुद्रानं तो वरून तासत नेला. म्हणून त्याच्या कडा अशा गोल दिसतात. या तळावर दिवसातून एकदा तरी उतरून हिंडणं हेच इथं येऊन करायचं मुख्य काम. बाकी सगळं भरतीच्या वेळात बसवायचं.

त्यामुळे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. लेक डिस्ट्रिक्ट नको. ते इंग्लंडच्या दुसऱ्या अंगाला आहे, जाऊन-येऊन दिवस गाडीत जाईल आणि सासूबाईंचे पाय सुजतील ते वेगळंच. यॉर्क लीड्सहून आगगाडीनं अर्ध्या तासाच्या आसपास. ते लेकीच्या घरी राहून करा. पाच दिवस बेचे ते बेलाच द्या.

आता भरती-ओहोटीचं. सासूबाईंना तिथ्या तोंडपाठ असतील तर त्याच तुमच्या मार्गदर्शक. मुंबईला अमावास्या-पौर्णिमेला भरती दुपारी बाराच्या सुमारास येते, हे आपल्या हाडात बसलेलं असतं. तिथं गणित उलटं. त्या दिवसांत ओहोटी सकाळी उशिरा, उन्हाळ्याच्या घड्याळानं (उन्हाळ्यात तिथं घड्याळं एक तास पुढे करतात) साधारण अकराच्या आसपास असते, आणि उधाणाचे दिवस असल्यामुळे पाणी खूप लांब जातं. न्याहारी करून उतरायला याहून चांगली वेळ नाही. पुढे रोज पाऊण तासाहून थोडी जास्त उशिरा. अष्टमीच्या आसपास भांगाची, म्हणजे कमी जोराची भरती. ओहोटी भल्या पहाटे आणि संध्याकाळी चार-पाचला, तळही कमीच उघडतो. घराच्या तारखा अजून बदलता येत असतील तर कालनिर्णय समोर ठेवून बदला. मात्र नुसत्या तिथीवर विसंबून पाण्यात पाय घालू नका. व्हिटबी बंदराचं टाइड टेबल बघा, फोनवर मिळतं. त्यातली वेळ ग्रिनिचची आहे की उन्हाळ्याच्या घड्याळाची हेही बघा. ग्रिनिचची असेल तर एक तास मिळवायचा.

हे मी एवढं घोळवून का सांगते? कारण पहिल्याच वर्षी मी फसले. बेपासून दक्षिणेला वाळूवरून वीसेक मिनिटं चाललं की बॉगल होल नावाची घळ लागते. बॉगल म्हणजे तिकडचा चकवा, खोडकर भूत म्हणा. तिथं जुन्या पाणचक्कीत यूथ हॉस्टेल आहे आणि चहा मिळतो. आम्ही चहा घेतला, स्कोन खाल्ले, गप्पा मारल्या. परत निघालो तर ज्या वाळूवरून आलो तिथं पाणी कड्याला टेकलेलं. हर्णैची पोर आणि भरतीनं अडवली! शेवटी पायऱ्या चढून कड्यावरच्या वाटेनं परतलो. धापा टाकत, पण कोरडे. तेव्हा नियम एकच : ओहोटीच्या वेळेच्या आधी निघायचं आणि पाणी वळायच्या सुमाराला परत फिरायचं. कोणी अडकलंच तर ९९९ लावून ‘कोस्टगार्ड’ म्हणायचं. आणि कड्याच्या पायथ्याशी सावली बघून डबा उघडायचा नाही. वरची माती भुसभुशीत आहे, ढासळते. १७८० साली इथली घरांची एक ओळच्या ओळ समुद्रात गेली. आज जी उंच काँक्रीटची भिंत दिसते ती १९७५ ची.

नातवाचं म्हणाल तर त्याला पाच दिवस पुरणार नाहीत. बादली आणि छोटी जाळी गावातच घ्या. डबक्यात सावली पडू न देता उकिडवं बसायचं आणि दोन मिनिटं गप्प राहायचं. आधी काही नसतं. मग एक शंख चालायला लागतो, कारण आत शंखातला खेकडा असतो. खडकाला चिकटलेला लालभडक जेलीचा गोळा हळूच पाकळ्या उघडतो. तो समुद्रफूल नावाचा प्राणी. दगड उलटा केला की हिरवा खेकडा आडवा पळतो. पण उलटा केलेला दगड परत तसाच ठेवायचा, हे त्याला पहिल्या दिवशीच शिकवा. तोच दगड खालच्या जिवांचं छप्पर असतो. पोहण्याचा हट्ट धरला तर गुडघाभर पाण्यापर्यंत जाऊ द्या. ऑगस्टातही पाणी चौदा-पंधरा अंशांचं असतं. तो स्वतःच बाहेर येईल.

आणि जीवाश्म! इथला खडक ज्युरासिक काळातला, सुमारे १९ कोटी वर्षांपूर्वीचा. गोट्यांमध्ये नजर लावून बघायला लागलं की अर्ध्या तासात काहीतरी हाताला लागतंच. नखासारखा जाड वाकडा शिंपला मिळाला तर त्याला तिकडे ‘सैतानाचं नख’ म्हणतात. बंदुकीच्या गोळीसारखा टोकदार दगड म्हणजे बेलेम्नाइट, माखलीच्या भाऊबंदांपैकी एकाचं अंतरंग. आणि गुंडाळलेल्या चकलीसारखा दिसतो तो अ‍ॅमोनाइट, एका नामशेष झालेल्या समुद्री जिवाचं कवच. माझ्या सासूबाई आल्या होत्या तेव्हा मी असा एक त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी चष्मा वर करून बघितलं, उलटा केला, आणि आधी कपाळाला लावला. ‘अगं, हा तर शाळिग्राम!’ त्या चुकल्या नव्हत्या. गंडकीतले शाळिग्राम म्हणजेही अ‍ॅमोनाइटच, आणि तेही ज्युरासिकच. इंग्रजांनी मात्र त्याला साप ठरवला. सातव्या शतकात व्हिटबीचा मठ स्थापणाऱ्या संत हिल्डानं सापांचे दगड केले अशी तिथली दंतकथा आहे. पूर्वीचे विक्रेते अ‍ॅमोनाइटला सापाचं डोकं कोरून विकायचे. व्हिटबीच्या मानचिन्हातही असे तीन आहेत. सुटा पडलेला एखादा दगड घ्यायला हरकत नसते. कड्यावर हातोडी मात्र चालवायची नाही. आमच्या देवघरात आजही बेचा तो दगड आहे. तुळस वाहिली जाते त्याला.

आता सासूबाईंचे गुडघे. इथं मी गोड बोलणार नाही. गाव दोन मजली आहे. वर रेल्वे आल्यानंतर वाढलेली वस्ती, गाडीतळ, बसथांबा. खाली जुनं कोळ्यांचं गाव. दोन्हींना जोडणारा रस्ता, बे बँक, इतका उभा की बाहेरच्या गाड्यांना खाली सोडत नाहीत. उतरताना गुडघे बोलतात, चढताना छाती. लेकीला आजच फोन करून विचारा, घर वर आहे की खाली, आणि घरात जिने किती. खालच्या घरांत जिना म्हणजे आपल्या माळ्याची शिडी असते. आम्ही एकदा घेतलेल्या घरात न्हाणीघर एका मजल्यावर, झोपायची खोली दुसऱ्यावर, आणि तुळईवर सगळ्यांची डोकी आपटून झाली. मालकांनी जाहिरातीत त्याला ‘जुन्या काळची मजा’ म्हटलं होतं. खालचं घर असेल तर सासूबाईंना पहिल्या दिवशी धीरानं एकदा खाली न्या आणि पाचव्या दिवशी वर आणा. मधे त्या खालीच छान रमतील. घर वर असेल तर रोज चढउतार करायला लावू नका.

वर राहिल्या तर त्यांच्यासाठी सिंडर ट्रॅक आहे. स्कारबरो ते व्हिटबी ही रेल्वे १८८५ ला सुरू झाली, १९६५ ला बंद पडली. रूळ काढले, वाट राहिली. रुळांखाली खडीऐवजी कोळशाची राखखडी टाकलेली होती, म्हणून ते नाव. रेल्वेला जमणारा चढ म्हातारीच्या गुडघ्यालाही जमतो. एका बाजूला झाडी, मधूनच समुद्र, ऑगस्टच्या शेवटाकडे काटेरी झुडपांना काळी ब्लॅकबेरी. सासूबाईंना डबा द्या, तोडून भरतील. आपल्याकडच्या करवंदांसारखीच बोटं रंगतात.

खाली असल्या तर त्यांना दुपारी चारनंतर समुद्राच्या धक्क्यावर बसवा. इंग्लंड आडवं ओलांडणारी एक पायवाट आहे, कोस्ट टू कोस्ट, पश्चिमेच्या सेंट बीजपासून इथपर्यंत साधारण तीनशे किलोमीटर. आल्फ्रेड वेनराइट या गृहस्थानं ती १९७३ मध्ये पुस्तकातून मांडली. निघताना लोक तिकडच्या समुद्रात बूट बुडवतात, एक खडा खिशात घालतात आणि दोनेक आठवडे चालून इथं येऊन तो खडा या समुद्रात टाकतात. रोज संध्याकाळी अशी माणसं बे बँक उतरून येतात. मी एका साठीच्या बाईंना बघितलंय. बुटांसकट सरळ पाण्यात गेल्या, खिसा चाचपला, खडा काढला, टाकला, आणि तशाच उभ्या राहिल्या. नवरा काठावर पाठपिशव्या सांभाळत होता. फोटो काढायला विसरला, त्यावरून मग त्यांचं भांडणही झालं. वारकऱ्यांना चंद्रभागेत उतरताना ज्यांनी पाहिलंय त्यांना यातलं काही समजावून सांगावं लागत नाही. भांडणही नाही.

भरतीच्या वेळात काय? ओल्ड कोस्टगार्ड स्टेशनमध्ये नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेचं छोटंसं माहितीकेंद्र आहे, नातवासाठी बरं. गल्ल्यांतून हिंडा. ‘द बोल्ट्स’ नावाचं बोळकांडं आहे, टॉमी बॅक्स्टर स्ट्रीट आहे. अठराव्या शतकात इथं चोरटा माल उतरायचा. रेशमाचा गठ्ठा धक्क्यावरून गावाच्या माथ्यापर्यंत एकदाही उघड्यावर न येता घराघरांतून पोचायचा, असं सांगतात. भिंतीला भिंत बघितली की खोटं वाटत नाही. वरच्या बाजूला १८८१ च्या जानेवारीतल्या घटनेची पाटी आहे. ‘व्हिजिटर’ नावाचं जहाज वादळात उपसागरात सापडलं आणि व्हिटबीची जीवनरक्षक होडी समुद्रमार्गे आणणं अशक्य झालं. तेव्हा दोनशे माणसं आणि अठरा घोडे लावून ती सहा मैल जमिनीवरून, पुरुषभर बर्फातून ओढत आणली आणि याच उभ्या रस्त्यानं खाली उतरवली. खलाशी वाचले. बे बँक चढताना दम लागला की ही गोष्ट नातवाला सांगायची, तेवढीच विश्रांती.

यजमानांना एक दिवस मोकळा सोडा आणि कड्यावरच्या क्लीव्हलँड वे या पायवाटेनं रेव्हन्सकार गावाला पाठवा. पाच-साडेपाच किलोमीटर, शेवटी चांगला चढ. वाटेत तुरटीच्या जुन्या कारखान्याचे अवशेष आहेत. हो, आपली तुरटी! सतराव्या शतकाच्या मध्यापासून १८६२ पर्यंत इथं ती काढत. कड्यातला काळा दगड ढीग रचून कित्येक महिने जाळायचा, पाण्यात भिजवायचा, ते पाणी आटवायचं आणि त्यात समुद्रशेवाळाची राख किंवा शिळं मूत्र घालायचं. हे मूत्र पिंपांत भरून शहरांतून जहाजानं येई. पाणी पुरेसं दाट झालं का हे बघायला त्यात अंडं सोडायचे. तरंगलं की झालं. कापडावर रंग पक्का बसवायला ही तुरटी लागे. डोंबिवलीचे आहात, रंगांच्या कारखान्यांबद्दल तुम्हाला मी काय सांगायचं! येताना पाय दुखले तर बस मिळते का आणि किती वाजता, ते आधी विचारून ठेवा.

व्हिटबीला एक दुपार द्या, जास्त नको. एक्स ९३ बस जाते. १९९ पायऱ्या, वर मठाचे अवशेष, दर्यावर्दी कॅप्टन कुक उमेदवारीला होता ते घर, आणि ऑगस्टात तोबा गर्दी. बटाट्याचे चिप्स हातात घेऊन धक्क्यावर उभं राहू नका. तिथले समुद्रपक्षी आपल्या घारींना शिकवतील.

आणखी एक : पाचातला एक दिवस धुक्याचा निघेल. स्वच्छ ऊन असताना समुद्रावरून पांढरा पडदा आत येतो, त्याला तिथं ‘सी फ्रेट’ म्हणतात. दहा पावलांवरचं दिसत नाही. त्या दिवशी पत्ते.

प्रश्न : मुलाच्या पदवीदान समारंभाला यॉर्कला जाणार आहोत, नंतर तीन दिवस याच किनाऱ्यावर. आम्ही पूर्ण शाकाहारी. सगळे म्हणतात, फिश अँड चिप्समधले चिप्स तरी खाता येतील. खरं का?
*एक वाचक, सांगली*

उत्तर : विचारल्याशिवाय अजिबात नाही. इंग्लंडच्या इतर भागांत बरीच दुकानं वनस्पती तेल वापरतात, पण यॉर्कशरमध्ये चिप्स बीफ ड्रिपिंगमध्ये, म्हणजे गाईबैलांच्या चरबीत तळायची जुनी रीत आहे आणि तिचा त्यांना अभिमान आहे. माझी आई आली होती तेव्हा आम्ही एका दुकानातून चिप्स घेतले. ‘बटाटाच तो’, म्हणत तिनं चवीनं खाल्ले, वर ‘काय खमंग तळलेत’ म्हणाली. कागद टाकायला गेले तेव्हा मला दारावरची पाटी दिसली. आईला मी ते शेवटपर्यंत सांगितलं नाही. आज पहिल्यांदाच लिहितेय.

तेव्हा काउंटरवर सरळ विचारायचं, तळता कशात? कोणी रागावत नाही. तेल वनस्पतीचं असलं तरी त्याच कढईत मासा तळतात का, हेही विचारा. खात्रीचं म्हणजे भाजलेला अख्खा बटाटा, वर चीज किंवा बीन्स. मुशी पीज म्हणजे मसाला घालायला विसरलेली वाटाण्याची उसळ. लिंबू पिळून बरी लागते. स्कोन, जॅम आणि घट्ट साय यांना पर्याय नाही. अंडं चालत असेल तर यॉर्कशर कर्ड टार्ट खा, आत चक्क्यासारखं सारण असतं. घर भाड्यानं घेतलं असेल तर मेतकूट, मूगडाळ आणि छोटा कुकर न्या. फक्त मोहरीची फोडणी देताना खिडकी उघडा आणि स्वयंपाकघराचं दार लावा. धुराचा भोंगा मोहरीला चोर समजतो, आणि त्या भिंतीला भिंत असलेल्या गल्लीत तो सगळ्या गावाला ऐकू जातो. आम्ही ऐकवलाय.

प्रश्न : लग्नानंतरची आमची पहिलीच मोठी सहल. समुद्रात बुडणारा सूर्य बघत जेवायचं असं ठरवलंय. बेमध्ये कुठल्या बाजूचं टेबल मागावं?
*एक नवदांपत्य, कोल्हापूर*

उत्तर : कुठल्याच नाही. हा पूर्व किनारा. सूर्य तुमच्या पाठीमागे, माळरानाच्या डोंगरांआड जातो. मलाही पहिल्या संध्याकाळी काहीतरी उलटं झाल्यासारखं वाटलं होतं. हर्णैला आयुष्यभर समुद्रात बुडणाराच पाहिलेला. जूनच्या मध्यावर गेलात तर व्हिटबीच्या धक्क्यावरून मावळतानाही पाण्यावर दिसतो, कारण तिथला किनारा उत्तरेला तोंड करून आहे. पण त्यासाठी रात्री साडेनऊपर्यंत थांबावं लागेल, तोवर जेवणावळी आटपत आलेल्या असतात.

बेमध्ये बघायचा तो उगवता. ऑगस्टच्या मध्यावर पावणेसहाच्या आसपास. थर्मासमध्ये आलं घातलेला चहा, अंगावर चादर, आणि धक्क्याच्या उतारावर डावीकडे बसा, उजवीकडे शेवाळानं घसरतं.